आधी पान, मग सुई : जेवणाचं इन्सुलिन नव्याने सुरू झालेल्यांसाठी

आईला जेवणाआधीचं इन्सुलिन सुरू झालं त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर ‘६ – ८ – ६, जेवणाआधी’ एवढंच लिहिलं, इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते दाखवलं आणि पुढचा पेशंट आत आला. घरी येऊन आम्ही ते पेन जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि दोघी त्याच्याकडे बघत बसलो. जेवणाआधी म्हणजे नेमकं किती आधी? आई अर्धीच पोळी जेवून उठली तर? एकादशीला काय करायचं? शुगर आधीच नव्वद असेल तर सुई द्यायची की नाही? तेव्हा आम्हाला जे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. किती युनिट घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. वजन, किडनी, वय, बाकीच्या गोळ्या हे सगळं बघून तो आकडा येतो, म्हणून शेजारच्या काकूंचा डोस आपल्या कामाचा नाही. पण ठरलेला डोस योग्य वेळी, योग्य पद्धतीने पोटात जाणं, आणि गेल्यावर माणूस सुखरूप राहणं, हे घरातच सांभाळावं लागतं.

आपल्या हातात कोणतं इन्सुलिन आहे

इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन कॅनडातल्या टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. त्यानंतर कित्येक दशकं जेवणासाठी ‘साधं’, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनच होतं. त्याचे कण सहा-सहाच्या गठ्ठ्याने एकमेकांना धरून असतात. कातडीखाली गेल्यावर ते गठ्ठे सुटायला वेळ लागतो, म्हणून ते अर्धा तास आधी घ्यावं लागतं. पुढे शास्त्रज्ञांनी त्या कणाच्या रचनेत थोडासा फेरफार केला आणि गठ्ठे चटकन सुटायला लागले. यातलं पहिलं, लिस्प्रो, १९९६ मध्ये बाजारात आलं. आज आपल्याकडे लिस्प्रो (ह्युमॅलॉग), अ‍ॅस्पार्ट (नोव्होरॅपिड) आणि ग्लुलिसिन (अपिड्रा) ही नावं चिठ्ठीवर दिसतात.

यांचं वेळापत्रक पाठ करून टाका, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ही झटपट इन्सुलिनं साधारण दहा ते वीस मिनिटांत कामाला लागतात, एक ते तीन तासांत त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि तीन ते पाच तासांत ओसरतात. साधं रेग्युलर अर्ध्या तासाने सुरू होतं, दोन ते चार तासांत जोरावर येतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं. तुमच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. ‘जेवणाचं इन्सुलिन’ असं दोघांनाही म्हणतात, पण घड्याळ दोघांचं वेगळं.

दुकानातून आणताना नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. नोव्होरॅपिड आणि नोव्होमिक्स, ह्युमॅलॉग आणि ह्युमॅलॉग मिक्स, ही नावं कानाला सारखी लागतात, खोकीही एका घराण्यातली दिसतात. मिक्समध्ये अर्धंअधिक इन्सुलिन हळू चालणारं असतं. झटपट इन्सुलिन पाण्यासारखं नितळ असतं, मिक्स दुधाळ. नितळ असायला हवं ते गढूळ दिसलं, त्यात कण दिसले, तर ते वापरायचं नाही.

आता सगळ्यात घातक गोंधळ. पुष्कळ जणांना दोन पेनं असतात, जेवणाचं झटपट आणि रात्रीचं लांब पल्ल्याचं, ग्लार्जिनसारखं. ग्लार्जिनसुद्धा नितळच असतं, त्यामुळे बघून फरक कळत नाही. रात्री झोपेच्या डोळ्यांनी ग्लार्जिनचे वीस युनिट म्हणून झटपटचे वीस घेतले, तर दोन तासांत शुगर कुठल्या कुठे कोसळेल, आणि तेही माणूस झोपेत असताना. आमच्याकडे जेवणाच्या पेनाला लाल रबर गुंडाळलेलं असतं आणि ते स्वयंपाकघरात राहतं. रात्रीचं पेन आईच्या उशाजवळच्या कपाटात. एका जागी दोन्ही कधीच नाहीत. तरीही अशी चूक झालीच, तर झोपायचं नाही. लगेच शुगर बघायची, साखर आणि त्यामागोमाग पोटभर काहीतरी खायला सुरुवात करायची, डॉक्टरांना फोन करायचा, जवळच्या दवाखान्यात जायची तयारी ठेवायची आणि निदान पाच तास दर पंधरा-वीस मिनिटांनी शुगर बघत जागं राहायचं.

चाळीसची बाटली, शंभरची बाटली

पेनावर असाल तर हा भाग वरवर वाचा. बाटली आणि सिरिंजवर असाल तर दोनदा वाचा.

आपल्या देशात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. रेग्युलर आणि ३०/७० (हाही मिक्सचाच प्रकार) च्या नेहमीच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. पेनांतली इन्सुलिनं सहसा १०० युनिटची, आणि झटपट इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या येतात. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. लाल आणि नारिंगी हे रंग ट्यूबलाइटच्या उजेडात किती जवळचे दिसतात ते एकदा शेजारी ठेवून बघा.

गणित असं. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर पोटात दहा नाही, पंचवीस युनिट जातात. उलट ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने दहा ओढले तर फक्त चार जातात आणि शुगर चढत राहते. आमच्या एका नातेवाइकांना दुकानदाराने ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटल्यावर हाताला लागली ती काढून दिली होती. घरी सुनेने टोपणाचा रंग वेगळा दिसतोय म्हणून थांबवलं, नाहीतर त्या संध्याकाळचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

म्हणून दुकानात नुसतं ‘सिरिंज’ मागू नका. बाटली सोबत न्या, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानदारासमोर जुळवा. पेनातल्या कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढू नका, पेन बिघडलं तरी नाही.

सुई देताना

पहिली पायरी हात धुण्याची. हे सांगायची गरज काय, असं वाटेल. मे महिन्यात एकदा दुपारी आईची शुगर ३१२ आली. डोस वाढवायचा विचार मनात आलाच होता. मग लक्षात आलं की ती आत्ताच आंबे पिळून उठली आहे. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटावर बघितलं तर १४६. बोटाला लागलेला आमरस मीटरने रक्तातली साखर म्हणून मोजला होता. तो पहिला आकडा धरून मी जास्तीचे युनिट दिले असते तर मोठा घोळ झाला असता.

शुगर बघून ती वहीत लिहायची. आकडा ७० च्या खाली असेल तर इन्सुलिन बाजूला ठेवायचं आणि आधी साखर द्यायची, ते पुढे सांगते. ७० ते शंभरच्या मधे असेल तर काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. काही जण पूर्ण डोस जेवायला बसता बसता घ्यायला सांगतात, काही जण थोडा कमी करायला. हा निर्णय आयत्या वेळी घेण्यासारखा नाही.

पेनाला दर वेळी नवी सुई. जुनी सुई बोथट होते, दुखते, आणि पेनावर तशीच राहिली तर आत हवा शिरते, इन्सुलिन गळतं. सुई लावल्यावर दोन युनिट फिरवून, पेन उभं धरून, हवेत सोडून बघायचे. टोकाला थेंब आला म्हणजे वाट मोकळी आहे. नाही आला तर पुन्हा दोन. ही दोन युनिटं वाया जातात असं वाटून पुष्कळ जण ही पायरी गाळतात, आणि मग डोस पूर्ण गेलाच नाही हे कळतही नाही. त्यानंतरच ठरलेले युनिट फिरवायचे आणि खिडकीतला आकडा मोठ्याने वाचायचा. आमच्याकडे मी वाचते आणि आई ऐकते. ती ‘आठ’ म्हणाली की मगच सुई.

पोटावर घ्यायचं तर बेंबीभोवतीची दोन-तीन बोटं जागा सोडायची. मांडीचा बाहेरचा भागही चालतो, पण पोटावरून इन्सुलिन लवकर भिनतं, म्हणून जेवणाच्या इन्सुलिनसाठी पोटच बरं. चार मिलिमीटरची सुई असेल तर सरळ, काटकोनात टोचायची, बहुतेक मोठ्या माणसांना चिमूट धरायची गरज पडत नाही. सुई लांब असेल किंवा माणूस अगदी काटकुळा असेल तर चिमूट धरा. बटण पूर्ण दाबलं की लगेच बाहेर काढायचं नाही, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. जागा चोळायची नाही. गरम पाण्याची अंघोळ किंवा त्या जागी मालीश लगेच नंतर नको, इन्सुलिन अपेक्षेपेक्षा भरभर रक्तात जातं.

जागा बदलत राहायची. रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथे कातडीखाली चरबीची गाठ धरते. ती दुखत नाही, उलट तिथे टोचलेलं कळतच नाही, म्हणून माणसं मुद्दाम तिथेच घेतात. पण गाठीतून इन्सुलिन कधी शिरतं, कधी अडकतं, आणि शुगर विनाकारण वरखाली नाचते. आठवड्यातून एकदा तेलाचा हात पोटावरून फिरवून बघा, गाठ बोटाला लागते. सापडली तर ती जागा सोडायची, मात्र डॉक्टरांना सांगून. कारण चांगल्या कातडीत तोच डोस पूर्ण शिरतो आणि शुगर लो होऊ शकते.

पान समोर आल्यावर

घरी, जेवण तयार असताना, झटपट इन्सुलिनची सुई जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी द्यायची (साधं रेग्युलर असेल तर अर्धा तास आधी). भात शिजलाय, आमटीला उकळी आलीय, ताटं मांडायची आहेत, ही वेळ. घराबाहेर हे गणित चालत नाही, आणि ते मला अकोल्याजवळच्या एका लग्नात कळलं.

जून महिना, पाऊस लांबलेला, मंडपात पंखे गरम हवा फेकत होते. कुणीतरी येऊन म्हणालं, ‘चला, पंगत बसतेय.’ मी आईला आडोशाला नेलं आणि आठ युनिट दिले. बाहेर आलो तर पहिल्या पंगतीला वरपक्षाची मंडळी बसवायची ठरली होती. आम्ही दुसऱ्या पंगतीला. त्यात मधेच आहेराचा कार्यक्रम निघाला. पाऊण तास गेला. आई खुर्चीत बसून घाम पुसत होती. सगळेच घाम पुसत होते, म्हणून मी पंख्याची दिशा तिच्याकडे केली. मग तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. तिचा हात हातात घेतला तर तो गार होता. उन्हाने घाम आलेल्या माणसाचा हात असा गार आणि चिकट नसतो. मीटरवर ४८ आलं. माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी होती म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला, बाहेर असताना आधी पान, मग सुई. पान वाढलेलं, वरण-भात समोर, पहिला घास हातात घेण्याजोगा, तेव्हाच पेन पिशवीतून बाहेर काढायचं. दहा मिनिटं उशीर झाल्याने जेवणानंतरची शुगर थोडी चढेल, ते चालेल. रिकाम्या पोटी गेलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. हॉटेलात, प्रवासात, सत्यनारायणाच्या पूजेला, ऑफिसच्या जेवणाला, सगळीकडे हेच. एसटीच्या गाडीला जेवणाचा थांबा कधी येईल याच्या भरवशावर तर अजिबात नाही.

ज्यांच्या जेवणाचा भरवसा नाही, म्हणजे म्हातारी माणसं, उलट्या होणारे, आजारातून उठलेले, त्यांच्यासाठी डॉक्टर कधी कधी जेवण झाल्याबरोबर सुई द्यायला सांगतात, जेवढं पोटात गेलं त्या मानाने. झटपट इन्सुलिनने हे जमतं. विचारून ठेवा. आणि जेवण चुकणार असेल तर त्या जेवणाचा डोसही नाही. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र वेगळं, ते जेवणावर अवलंबून नसतं.

जेवणाआधी घ्यायचं विसरलात आणि हात धुताना आठवलं, तर बहुधा लगेच घेता येतं. दोन तासांनी आठवलं तर पूर्ण डोस टोचून मोकळं होऊ नका. शुगर बघा आणि फोन करून विचारा.

शुगर लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हात थरथरणं, धडधड, घाम, कडकडून भूक, ओठांना मुंग्या, चिडचिड, नजर अंधारणं, बोलण्यात घोळ. प्रत्येकाची खूण वेगळी असते. आईची खूण म्हणजे ती एकदम गप्प होते आणि प्रश्नाला उत्तर न देता हसते. तुमच्या माणसाची खूण कोणती ते ओळखा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, शाळकरी नातवंडांनासुद्धा. मेटोप्रोलॉलसारख्या काही रक्तदाबाच्या गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम मात्र सहसा येतोच. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात तो घामही उन्हाच्या नावावर जातो. शंका आली की शुगर बघायची. मीटर जवळ नसेल तर लो आहे असंच धरून साखर द्यायची. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तरी बोटावर एकदा तपासा, कारण शुगर भराभर उतरत असताना सेन्सरचा आकडा काही मिनिटं मागे असतो.

पंधरा ग्रॅम साखर द्यायची. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तीन चमचे ग्लुकोज पावडर, किंवा साधारण दीडशे मिली गोड सरबत. मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा शुगर बघायची. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल तर एखादी पोळी किंवा दूध-पोहे.

पेढा, बर्फी, चॉकलेट, बिस्किट यांनी लो उतरवायला जाऊ नका. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो, आणि इथे वेळच नसतो. आणखी एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. जेवणाबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण ती गोळी साखर फोडायचं कामच अडवते. अशा माणसाजवळ ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्यांची पाकिटं आज एकदा उलटून बघा, व्होग्लिबोज मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीतही असतं.

माणूस गिळू शकत नसेल, बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, मध नाही, पाणी नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचं, म्हणजे शुगर वर आणणारं, इंजेक्शन देऊन ठेवलं असेल तर ते द्यायचं.

डोसावर डोस नको

दुपारी एकला जेवलात, आठ युनिट घेतले. तीनला बघितलं तर २४०. घाबरून चार घेतले. साडेचारला २१०, म्हणून आणखी चार. सहा वाजता शुगर ५५.

असं का होतं ते वेळापत्रकात आहे. तीन वाजता पहिल्या आठमधलं बरंच इन्सुलिन अजून कामावर होतं. त्यावर दुसरं चढलं, त्यावर तिसरं, आणि शेवटी तिन्ही मिळून खाली ओढायला लागले. म्हणून एका झटपट डोसानंतर चार तासांच्या आत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नसेल तर, शुगर उतरवण्यासाठी दुसरा डोस नाही. किडनी कमजोर असेल तर इन्सुलिन अंगात आणखी रेंगाळतं, तिथे जास्तच सांभाळून. चढलेला आकडा बघून बसवत नाही हे मला माहीत आहे. पाणी प्या, घरातल्या घरात फिरा, वहीत लिहा. रोज त्याच वेळी चढत असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवा, डोस ते बदलतील.

पानात काय आहे

रोजचा डोस ठरलेला असेल तर जेवणही रोज साधारण तेवढंच हवं, विशेषतः पोळी, भाकरी, भात. काही दिवसांनी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ‘इतक्या ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट’ असं प्रमाण देतील. त्यासाठी हाताशी ठेवायचे अंदाज. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे वीस ग्रॅम कर्बोदकं. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे चाळीस. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे अठ्ठावीस. ‘भाकरी शुगरला चांगली’ म्हणून दोन थोरल्या भाकरी खाणाऱ्यांनी हा आकडा बघावा. आठवडाभर आपल्या घरची पोळी, आपली वाटी किचनच्या काट्यावर तोला, मग नजर तयार होते.

समजा डॉक्टरांनी दहा ग्रॅमला एक युनिट असं प्रमाण दिलं, आणि एक युनिट शुगर चाळीसने उतरवतं असं सांगितलं. पानात साठ ग्रॅम आहेत, म्हणजे सहा युनिट. जेवणाआधी शुगर २००, गाठायची १२०, फरक ऐंशीचा, म्हणून आणखी दोन. एकूण आठ. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे असतील.

उपासाचं काय? साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीची एक बशी शुगर झरझर चढवते, आणि उरलेला दिवस पोट रिकामं, म्हणजे दोन्हीकडून अडचण. आईने एकादशी सोडली नाही, पण डॉक्टरांशी बोलून बदलली. भगर मोजून, सोबत दाण्याची आमटी, दही, काकडी, आणि सुई त्या पानाच्या हिशोबाने. निर्जळी उपास मात्र इन्सुलिनवरच्या माणसाने करू नये. टाइप १ मधुमेह असेल, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नसेल, तर उपासाच्या दिवशीही लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही.

आजारपणातही तेच. ताप-उलट्यांत ‘खाल्लं नाही म्हणून सगळंच इन्सुलिन बंद’ ही चूक टाइप १ च्या माणसाला थेट अतिदक्षता विभागात नेते. शुगर २५० च्या वर राहत असेल, पोटात दुखत असेल, धाप लागत असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) तपासा आणि वाट न बघता दवाखाना गाठा.

जेवणानंतर लांब फिरायला जाणार असाल, शेतात काम असेल, तर त्या जेवणाचा डोस कमी करायचा का ते आधी विचारा. खिशात साखर असू द्या. गाडी चालवण्याआधी शुगर बघा. दारूने यकृतातून साखर सुटायची थांबते, त्यामुळे रिकाम्या पोटी दारू आणि इन्सुलिन एकत्र आले की मध्यरात्री लो होते, आणि आजूबाजूचे ‘जास्त झाली’ म्हणून झोपू देतात.

उन्हाळ्यात इन्सुलिन

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांत, दाराच्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नितळ दिसलं तरी फेकायचं. वापरात असलेलं पेन तीस अंशांच्या खाली बाहेर ठेवता येतं, साधारण अठ्ठावीस दिवस. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टीवर लिहा.

पण आमच्याकडे मे महिन्यात घरातच चाळीस अंश असतात आणि लाइट जाते. फ्रीजचा भरवसा नसेल तर माठाचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कोरड्या लहान मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात, वर ओलं फडकं, जागा सावलीची आणि वाऱ्याची. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं म्हणून हे अकोल्यात, सोलापुरात छान चालतं. कोकणात, गोव्यात दमट हवेत त्याचा गारवा कमी पडतो, तिथे आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. स्कूटरच्या डिकीत, उभ्या गाडीत, खिडकीत पेन ठेवू नका. डोस तोच, जेवण तेच, आणि शुगर कारणाशिवाय चढायला लागली तर उन्हाने बिघडलेलं इन्सुलिन हे पहिलं कारण समजून नवीन पेन उघडून बघा. विमानात ते हातातल्या पिशवीत असावं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. शाम्पूची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, सुया तिच्यात टाकत जा, चारातले तीन हिस्से भरली की झाकण लावून चिकटपट्टीने बंद करा आणि वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात लिहा. तुमचा दवाखाना किंवा औषधाचं दुकान घेतं का विचारा. नसेल घेत तर घंटागाडीवरच्या बाईंच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.